पुलाच्या अलीकडे

पहाट व्हायची होती. नव्या महामार्गावर मृणालच्या हेडलाइटमध्ये अचानक शेकडो हिरवे डोळे लकाकले. तिनं करकचून ब्रेक दाबला.

रस्ताभर मेंढरं बसली होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एकमेकांना चिकटून. हॉर्न वाजवला तरी एकही जागचं हलेना. त्यांच्या पुढे घोंगडी पांघरलेला म्हातारा धनगर काठी टेकून उभा होता.

"अहो, हा रस्ता मेंढरांसाठी बांधलाय का?" ती उतरून ओरडली.

म्हाताऱ्यानं दगड उचलला आणि मेंढरांपलीकडच्या अंधारात भिरकावला. तो रस्त्यावर पडल्याचा आवाज आलाच नाही. बऱ्याच वेळानं खूप खाली पाणी वाजलं.

"पूल व्हायचाय आजून," तो म्हणाला. "रस्ता अडवायला लावलेलं पत्रं वाऱ्यानं उडालं. मंग हीच बसीवली."

त्याचं सगळं धन रस्त्यावर बसलं होतं.

"आणि एखादी गाडी थांबलीच नसती तर?"

"म्हणून तर मी म्होरं हुबा."

मग तिनं गाडी वळवून त्याच्या पुढ्यात आडवी लावली आणि सगळे दिवे लुकलुकते ठेवले.