गोदूबाईंची गरज

सकाळचे ऊन आधी समोरच्या इमारतीवरील पाण्याच्या काळ्या टाक्यांवर आले, तिथे थोडे रेंगाळले आणि मग रस्ता ओलांडून कचेरीच्या खिडकीत शिरले. त्यात नवे असे काही नव्हते. रोज येते तसेच ते आले. काचेवरचे बोटांचे जुने ठसे दाखवत, टेबलाच्या कडेवरून सरकत, थंड पडलेल्या खुर्च्यांना एकेक करून शिवत. शेवटी भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यापाशी पोचून त्याने तिथे लिहिलेल्या सतरा ओळी उजळल्या. विहंग एकटाच बसून ते पाहत होता. ऊन सतराव्या ओळीवर आले तेव्हा त्याच्या ध्यानात आले की, आपले दात मघापासून आवळलेले आहेत.

त्या सतरा ओळी म्हणजे ‘धोटा’ या ॲपमध्ये वर्षभरात घातलेल्या सतरा सोयी. महाल या पेठेतले साडीचे व्यापारी या ॲपवरून उमरेडच्या विणकरांना मागणी कळवत: लांबी, काठ आणि अगदी शेवटी ठरणारा पदराचा रंग. रंग वेळेत कळला नाही, तर सहा दिवसांचे विणकाम परत येई. ॲपने करायचे काम एवढेच होते. त्याऐवजी त्यात सणांच्या शुभेच्छा आल्या, राशिभविष्य आले, साडी नेसून गिरक्या घेणारी बाहुली आली, मागणी मोठ्याने वाचून दाखवणारा आवाज आला. आणि विणकर एकामागून एक ॲप सोडून चालले होते.

दहा वाजता बैठक सुरू झाली. कचेरीचे प्रमुख विश्वनाथ फळ्याशेजारी बसले. ॲपची मांडणी करणाऱ्या अरुंधतीने अठरावी सोय सुचवली. बैठकीत विहंग सहसा बोलत नसे. त्या दिवशी तो उभाच राहिला.

“ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय, त्यांना काय हवं ते या खोलीत कोणी विचारत नाही, सर. उमरेडच्या गोदूबाईंची तक्रार नोंदवहीत पडून आहे. ॲप वापरायला जड जातं, म्हणतात त्या. त्यांना मागणी फक्त लिहिलेली हवी, मोठ्या अक्षरांत. बाकी काहीही नको.”

मग पाटी-पेन्सिलच पाठवू या, असे अरुंधती म्हणाली. दोघे-तिघे हसले. विहंगचे कान तापले.

“वाचून दाखवणारा आवाजही नको?” विश्वनाथांनी विचारले.

“तो तर आधी काढा. मागाच्या खडखडाटात तो कोणाला ऐकू येणार? माझे आजोबा विणकर होते, सर. मला हे कोणी शिकवायची गरज नाही.”

“तू भेटलास गोदूबाईंना?”

“हो.”

विश्वनाथ उठले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने सतराही ओळी पुसल्या.

तीन आठवड्यांनी महालातल्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. गोदूबाईंची साडी त्याने परत केली होती. जांभळा पदर मागितला होता, लाल आला. आता मला मागणी पाठवू नका, असा निरोपही गोदूबाईंनी त्याच्याकडे दिला होता.

विहंगचा संताप अनावर झाला. फोनच्या पडद्यावर रंगाचे नाव बोटभर अक्षरांत येत होते. ते चुकणे शक्यच नव्हते. व्यापाऱ्याने रंग मागाहून बदलला आणि दोष बिचाऱ्या बाईवर ढकलला, असे त्याने सर्वांना ऐकवले. हे सिद्ध करायला तो उमरेडला निघाला, तेव्हा मीही येतो, असे विश्वनाथ म्हणाले.

एसटीत विहंग वर्षभरात बोलला नसेल इतके बोलला. गोदूबाई साठीच्या आहेत. त्यांचा चष्मा जाड भिंगांचा. किराणा बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडासुद्धा त्या वाचल्याशिवाय टाकत नाहीत. हे सांगताना त्याच्या डोळ्यांपुढे स्वतःच्या आजीचा चेहरा होता. असल्या माणसांना बाहुल्या नाचवून दाखवणाऱ्यांची त्याला किळस येत होती, आणि तेही त्याने बोलून दाखवले.

विश्वनाथ म्हणाले, “इतक्या वर्षांत मी एकदाही कोणाच्या मागापाशी जाऊन बसलो नाही. तू गेलास. त्या दिवशी म्हणूनच पुसला मी फळा.”

विहंगने मान फिरवली आणि तो खिडकीबाहेर जाणारे कोळशाचे ट्रक पाहू लागला.

विचारत विचारत विश्वनाथांनीच घर शोधले. आत मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून एक बाई मागावर बसली होती. चाळिशीही न उलटलेली, डोळ्यांना चष्मा नाही. सून असावी, असे विहंगला वाटले. आम्ही ‘धोटा’ची माणसे, असे विश्वनाथांनी सांगताच तिने माग थांबवला.

“मंग बरं झालं आले तं. पहिले लय जड जाये ते मले. बोलाले लागलं तसं सोपं झालं. हात मागावर, पाय खड्ड्यात. ते सांगे, मी आयको. वाचता नाही येत मले. काहून मुकं केलं त्याले?”

विहंगचा पारा पुन्हा चढला. ज्या माणसासाठी आपण सगळ्यांशी भांडलो, ते माणूस बाजूलाच राहिले आणि भलतेच कोणी बोलते आहे.

“वहिनी, तुमची अडचण आपण नंतर बघू. गोदूबाईंना मागणी लिहिलेलीच हवी होती. त्यांना बोलवा.”

बाईने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. मग ती विश्वनाथांकडे वळली.

“मीच गोदूबाई. हा कोण होय जी?”

विश्वनाथांनी विहंगकडे पाहिले.

विहंग गोदूबाईंना कधीच भेटलेला नव्हता.