अजून भरतंय

"वहिनी, या बोर्डावर आईंच्या मशीनशिवाय दुसरं काही लावू नका," इन्व्हर्टर बसवताना भिला वायरमनने बजावलं होतं. रंजिताने मान डोलावली होती. वायरमन लोकांना भीती घालायची सवयच असते, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

आज रविवार. दुपारची जेवणं उरकली होती. झोपलेली लेक मांडीवर घेऊन रंजिता भिंतीला टेकून बसली होती. टीव्हीसमोर तिचा नवरा नवनीत, आणि त्याच्यापुढे ते गेम खेळायचं नवं काळं खोकं. त्याने आणि शहाद्याच्या मित्राने, इद्रिसने, एकाच दिवशी एकच गेम आणला होता. खोकी मात्र दोन कंपन्यांची, एकमेकींच्या हाडवैरी. गेम किती भरला ते दाखवणारी पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या चालीने सरकत होती.

फोनच्या स्पीकरवर इद्रिस हसत होता. "नवनीतभाऊ, अजून भरी ऱ्हायनं का? मी ते एक मॅच जिकी बी लिधी."

"खेळ तोच, आणला एकाच दिवशी. मग तुझं आधी कसं?"

"तुन्हं खोकं शिस्तीनं शे, भाऊ. सगळं सामान घरमा लिधाबिगर दार उघाडत नही. मन्हं जरासं मझार लेस आनि म्हणस, बठा, खेळा, बाकीनं मांगेतीन येत ऱ्हाई."

तेवढ्यात लाईट गेली. टीव्ही क्षणभर विझला नि पुन्हा लागला. इन्व्हर्टरने सगळा भार खांद्यावर घेतला होता. सगळा म्हणजे सगळाच. सकाळी नवनीतने टीव्हीचं आणि खोक्याचं एक्स्टेन्शन सासूबाईंच्या मशीनशेजारच्या सॉकेटमध्ये खोचलं, तेव्हा रंजिताने ते पाहिलं होतं. बोलली नव्हती.

आतल्या खोलीत सासूबाईंचं, दगूबाईंचं, ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. त्याच्या बाटलीतलं पाणी बुडबुडत असे, आणि तो आवाज येतोय तोवर रंजिता निर्धास्त असे. आज तिचा कान तिथेच होता. एवढीशी बॅटरी, तिच्यातून आईंचा श्वास, हा टीव्ही आणि ते खोकं. बीएस्सी झालेल्या बाईला हा हिशोब कुणी समजावून द्यायला नको होता.

इन्व्हर्टर टीं टीं करायला लागला.

"अहो, बंद करा ते."

"थोडंच राहिलंय. आता बंद केलं तर पहिल्यापासून भरावं लागेल." थोडंच राहिलंय, हे तो सकाळच्या चहापासून म्हणत होता.

आतून दगूबाईंचा आवाज आला. घाबरलेला नव्हता. वरणात मीठ कमी पडलंय, असं सांगावं तसा.

"रंजिता, आज हवा पातळ लागी ऱ्हायनी वं."

रंजिता लेकीला खांद्यावर टाकून उठली. एक्स्टेन्शन उपटलं. पडदा काळा झाला.

"अगं, पहिल्यापासून..."

"मग पहिल्यापासून," ती म्हणाली आणि आत गेली.

टीं टीं थांबलं होतं. तिने सासूबाईंचा हात उजेडाकडे धरून नखं निळी पडली नाहीत ना, ते पाहिलं. नळी नाकाशी नीट बसवली. बाटलीतलं पाणी आधी आळसावल्यासारखं हललं, मग नेहमीसारखं बुडबुडू लागलं. नवनीत दारात आला. आईच्या पायाशी बसला आणि पायावरची गोधडी उगाच सारखी करत राहिला.

बाहेर फोनवर इद्रिस एकटाच बोलत होता. "काय रे, बंद पडनं का? घाबरू नको. जठे थांबनं तठूनच पुढे भरस ते. वाया काही जात नही."

नवनीतने मान वर केली नाही.

रंजिता उंबऱ्यावर बसली. लेक अजून खांद्यावरच होती. मोकळ्या हाताच्या अंगठ्याने तिने मोबाईलवर गल्लीचा ग्रुप उघडला. लाईट कधी येणार, एवढंच जो तो विचारत होता. तिने सावकाश लिहिलं:

"कोपऱ्यावरच्या तापीबाईंकडेही आमच्यासारखंच मशीन आहे. इन्व्हर्टर नाही. बिछान्याखाली ऑक्सिजनचा छोटा सिलेंडर आहे, पण त्यांना एकटीला त्याची चावी फिरवता येत नाही. माझ्या खांद्यावर बाळ आहे आणि आईंजवळून मला हलता येत नाही. जो हे वाचेल त्याने आत्ता जाऊन बघावं. दार वाजवल्यावर ओ यायला वेळ लागतो. परत फिरू नका, थांबा."