तिसरा कागद

डॉक्टर हिमानींनी टेबलावर तीन कागद शेजारी शेजारी मांडले. प्रत्येकावर गुणसूत्रांच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जोड्या होत्या. पहिल्या कागदावरची शेवटची जोडी झाकलेली. मुलगा की मुलगी, ते सांगायला कायद्यानं बंदी.

"हे बाळाचं," त्या म्हणाल्या.

जमिला खुर्चीवरून पुढं सरकली. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाला छिद्र दिसलं, तेव्हा तिच्या सुनेच्या, मुबश्शिराच्या पोटातलं पाणी सुईनं काढून तपासायला पाठवलं होतं. त्यात काहीतरी वेगळं निघालं, म्हणून घरातल्या सगळ्यांचं रक्त घेतलं. पाचोडहून संभाजीनगरला ही चौथी खेप. बाळ ठेवायचं की नाही, हे वाटेत एकदाही कुणी बोललं नव्हतं.

"नऊ नंबर आणि अकरा नंबर, या दोघांच्या टोकांची अदलाबदल झालीय. पण कमी काही नाही, जास्त काही नाही. तौफिकमध्येही अगदी असंच आहे, आणि तो धडधाकट आहे. छिद्र लहान आहे. त्यावर जन्मानंतर उपचार होतात."

मुबश्शिरानं नवऱ्याचा, तौफिकचा हात घट्ट धरला आणि इतक्या दिवसांचं रडून घेतलं.

"माझ्यात हे आलं कुठून?" तौफिकनं विचारलं.

डॉक्टरांनी तिसऱ्या कागदावर बोट ठेवलं. "तुझ्या वडिलांकडून."

"मला तर कधी काय झालं नाय," हबीब म्हणाला.

"तुम्हाला होणारही नाही, चाचा. पण कधीकधी बाळात ही अदलाबदल अर्धीच उतरते. मग ते पोटात टिकत नाही. तुमच्या घरी असं कधी..."

"तीन," जमिला म्हणाली. "तौफिकच्या आधी."

तिच्यातच खोट आहे, असं सासू मरेपर्यंत म्हणायची. हबीब त्यावर कधी व्हय म्हणाला नाही, कधी नाय म्हणाला नाही.

जमिलानं त्याच्याकडं पाहिलं नाही. ती एका कागदावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर बोट फिरवत राहिली. तिन्हींवर तेच एक आखूड टोक, तांदळाच्या कणीएवढं. याच्यापायी तीन गेली. हेच घेऊन तौफिक आला. आणि आता हेच घेऊन आणखी एक जीव यायला निघाला होता.

"या अल्ला," ती पुटपुटली. "एवढंसं?"

"हे तर मोठं करून दाखवलंय, अम्मी," डॉक्टर म्हणाल्या. "नुसत्या डोळ्यांना ते दिसतसुद्धा नाही."



"जमिला." पोरांसमोर हबीब तिला कधी नावानं हाक मारत नसे. "बोलणी मात्र तू खाल्लीस." मग त्यानं विचारलं, "नावं ठेवली होतीस का त्यांची?"

"व्हय. पहिला झीशान. दुसरी आमरीन." तिनं कागदावरचं बोट उचललं. "तिसऱ्याला नाव द्यायचा धीर झाला नाय."