भिंगरीची शिकार

गोदामाच्या दाराशी पोचताच पिशवीतून भिंगरीचं डोकं वर आलं. वाटभर ती राखणदाराच्या खांद्यावरच्या त्या पिशवीत झोपली होती. आता नाक थरथरायला लागलं.

"थांब गं, थांब. उतरवतो," तो म्हणाला. तिला ऐकू येत नव्हतं, तरी तो बोलायचा. तिचे कान गेल्यापासून जरा जास्तच बोलायचा.

बियाण्यांच्या या गोदामातून तो आणि ती एकाच दिवशी निवृत्त झाले होते. सत्कार मात्र त्याच्या एकट्याचाच झाला होता.

त्याने तिला खाली ठेवलं. टेरियर जातीची, ठेंगणी, राठ केसांची, दाढीमिशा असलेली कुत्री. एके काळी हिने घरातल्या सगळ्या कुंड्या उकरल्या होत्या, गादीच्या पोटातून कापूस उपसला होता, पाहुण्यांचे मोजे पळवून पलंगाखाली दडवले होते. "हिला चावी कोण देतं, ते मला एकदा दाखवा," असं बायको हात जोडून म्हणायची. आता तीच बायको रोज सकाळी भिंगरीला मांडीवर घेऊन डोळ्यांत औषध घालायची आणि पाव भिजवून भरवायची.

आज निघताना तिने विचारलं होतं, "शिकारीची हौस तिची आहे की तुमची?"

"दोघांची."

पिशवीच्या तळाशी जुना टॉवेल बायकोनेच घडी करून घातला होता.

नवी मॅनेजर बाहेर आली. तरुण होती, मोबाइल हातातच होता. "काका, उंदीर वाढलेत हे खरंय. पण दुपारी औषधवाले येणारच आहेत. आणि ही आता..." तिने भिंगरीकडे बघून वाक्य अर्धवट सोडलं.

"म्हणून तर आत्ता आलो. एकदा औषध पडलं की तिला परत आत सोडता यायचं नाही."

मॅनेजर बाजूला झाली.

उंबरठा ओलांडला आणि भिंगरीची शेपटी ताठ झाली. पोत्यांच्या थप्प्यांमधल्या बोळातून ती तुरुतुरु निघाली. कडेकडेने, जमिनीला नाक लावून, थेट पूर्वीसारखी. राखणदार मागोमाग धावला. धावला म्हणजे, त्याला तसं वाटलं. दोन हमाल पोती उचलायची थांबून बघायला लागले.

लाकडी फळ्यांखालून उंदीर निघाला.

पूर्वी काय झालं ते डोळ्याला दिसायचंसुद्धा नाही. मानेचा एक झटका, की संपलं. आज भिंगरीने झेप घेतली, मागचे पाय गुळगुळीत फरशीवरून सटकले आणि ती कुशीवर आदळली. उंदीर तिच्या समोरून गेला. फारशी घाईही न करता गेला.

एक हमाल फिस्सकन हसला. राखणदाराच्या चेहऱ्याकडे नजर गेली तसा खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला.

"काका, लागलं का तिला?" मॅनेजरने विचारलं.

उगाच आणलं हिला, असं राखणदाराला झालं. पण भिंगरी उठली. डोक्यापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं आणि थप्पीच्या मागच्या अंधारात घुसली. तिथून उकरल्याचा आवाज यायला लागला. खरखर, खरखर. मग एक गुरगुर. कितीतरी दिवसांनी तो तिची गुरगुर ऐकत होता.

ती बाहेर आली तेव्हा मिशांना जळमटं चिकटली होती आणि तोंडात काहीतरी होतं. हमालांना ओलांडून, मॅनेजरला ओलांडून ती सरळ त्याच्याकडे आली. तोंडातलं त्याच्या बुटावर ठेवलं, एक पाऊल मागे सरकली आणि धुरकट डोळ्यांनी वर बघत उभी राहिली.

गोणपाटाची चिंधी होती.

नोकरीत होते तेव्हा रोज सकाळी त्याच्या बुटावर असाच उंदीर यायचा. कौतुक झाल्याशिवाय बाई जागची हलायची नाही.

राखणदार गुडघा धरून खाली वाकला. "शाब्बास!" तो म्हणाला. इतक्या मोठ्याने, की वरच्या पत्र्यावरून आवाज परत आला. मग तिला ऐकू येत नाही हे आठवून त्याने दोन्ही तळवे तिच्या कानांमागे धरले आणि खसाखसा चोळले. भिंगरीची शेपटी नुसती गरगरायला लागली.

मॅनेजरने मोबाइल खिशात टाकला आणि स्वतःचं स्टूल ओढून त्याच्यामागे आणून ठेवलं.

घरी बायको दारातच उभी होती. पिशवी तिनेच उतरवून घेतली. भिंगरीला मांडीवर घेत विचारलं, "मिळालं का काही?"

"मिळाला की. एक."

"केवढा?"

त्याने हातांनी माप दाखवलं. जरा विचार करून हात आणखी लांब केले. एवढा उंदीर या जगात झाला नसेल.

बायको भिंगरीच्या मिशांतून गोणपाटाचे धागे वेचत होती. एक धागा तिने बोटांवर धरला, नीट बघितला आणि मग नवऱ्याकडे बघितलं.

"बाई गं, एवढा मोठा!" ती म्हणाली. "मग थकली असणार पोर. पाणी तापवते, पाय शेकते तिचे. आणि तुम्हीही या इकडे, गुडघे पुढे करा."