दुसरा ठोका उशिरा

"मी पाइपावर दोनदा ठोकलं की झडप उघडायची नाही, बये. मग साहेब येवोत नाहीतर साहेबांचा बाप. पाइपाच्या कडेने चालत माझ्याकडे यायचं." पलीकडच्या टोकावरून दादा रोज बजावायचा. मी रोज हो म्हणायचे.

दादा जाऊन वर्ष झालं. तरी बायोडिझेल सोडण्याआधी मी पाइपाला कान लावते. सकाळची पूजा चुकत नाही, तसं हेही चुकत नाही.

आज दोन ठोके आले.

मी दादाच्या जागी आलेल्या माणसाला फोन केला. "अहो, ठोकताय का?"

"मी चहा पितोय. पाइपाजवळ चिटपाखरूही नाही. उघडा की! मुहूर्त शोधताय काय?"

ठोके पुन्हा आले. दुसरा जरा उशिरा. दादा पाना दुसऱ्या हातात घेऊन दुसरा ठोका मारायचा.

वाटेत पाइप शाळेच्या भिंतीला लागून जातो. मी झडपेला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली. "आज तेल सुटणार नाही," मी फोनवर शांतपणे सांगितलं आणि निघाले.

थोडं चालून पाइपाला कान लावला. मी चालले त्याहून ठोके जास्त जवळ आले होते.

यायचं कबूल मी केलं होतं, दादाने नाही. मी पुढचं पाऊल टाकलं.