टाइप वन

"टाइप वन कर," देवदत्त म्हणाला आणि मागे वळून काचेतून बघितलं. त्याची मुलगी शिवांगी अजून पार्किंगमध्येच होती, फोनवर मैत्रिणीशी बोलत.

गिरीशने बेंचवरची, आठवडाभर दुकानातच असलेली तिची स्की जवळ ओढली. नागपूरचा पोरगा. दोन वर्षांपूर्वी, दोन हजार एकच्या लेऑफमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी गेली, तेव्हा इकडे टाहोच्या बर्फाळ डोंगरांत या स्की शॉपमध्ये आला आणि इथेच रमला.

"टाइप वन म्हणजे सगळ्यात लूज, घाबरत घाबरत स्की करणाऱ्यांसाठी, काका. शिवांगी रेसर आहे. टाइप थ्री."

"माहितीये मला."

"टाइप, वजन, उंची, बुटाची लांबी, सगळं धरून चार्टमध्ये एक आकडा येतो. बूट स्कीला धरून ठेवणारं हे बाइंडिंग तेवढंच टाइट लावायचं. जास्त टाइट झालं तर पडल्यावर बूट सुटत नाही, गुडघा जातो. जास्त लूज झालं तर न पडताच सुटतो. वळणावर. आणि आज तिचं स्टेट टीमचं सिलेक्शन आहे."

"म्हणूनच सांगतोय ना यार!"

देवदत्त स्वतःच्याच आवाजाने दचकला. मग हळू म्हणाला, "आज सिलेक्ट झाली की पुढच्या महिन्यापासून डाउनहिल. गाडीच्या स्पीडने खाली यायचं. गेल्या शनिवारी तिच्या टीममधल्या मुलीला जखमींच्या स्लेडवर बांधून नेताना पाहिलं मी. पोर ओरडत होती. मला झोप नाही त्या दिवसापासून."

"मग शिवांगीला सांगा. नको म्हणा."

"कसं म्हणू? पहाटे अलार्मच्या आधी उठते. मी कारमध्ये बसायच्या आधी ती बसलेली असते. आजचा कोर्स हळू आहे, स्की सुटली तरी घसरेल फक्त. हरू दे. आपोआप सुटेल हे सगळं."

गिरीश त्याच्याकडे बघत राहिला. काहीतरी बोलणार होता, पण दार उघडलं.

"घरी बोला एकदा, काका," एवढंच तो पुटपुटला. स्क्रूड्रायव्हर स्क्रूला टेकवला, क्षणभर तसाच धरला, आणि बाजूला ठेवला. "झालं."

"Done?" शिवांगी हात चोळत आत आली. सतरा वर्षांची, उंच, डोक्यावर टीमची टोपी. "टाइप थ्री ना, गिरीशदादा?"

गिरीशने स्की तिच्या हातात दिल्या. "तू सांगितलंस तसंच आहे."

देवदत्तने मान खाली घातली. दुसऱ्याला आपल्यासाठी खोटं बोलायला लावलं, असं त्याला वाटलं.

वर कोर्सवर ऊन होतं. देवदत्त जाळीला धरून उभा होता. शिवांगी सुटली. पहिलं वळण छान घेतलं. दुसरंही. तिसऱ्यावर डावी स्की पायातून निघाली आणि एकटीच पुढे गेली. शिवांगी बर्फावर बसकण मारून घसरत आली आणि जाळीशी थांबली.

देवदत्त धावला. "लागलं का? गुडघा बघू."

"I'm fine, बाबा." ती उठली, पँट झटकली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "सॉरी."

"सॉरी काय त्यात, वेडे!"

"तुम्ही इतकं ड्राइव्ह करता. दर वीकेंडला, चार चार तास. आई म्हणते तुम्ही माझ्यासाठी शनिवारचं क्रिकेट सोडलंत."

"क्रिकेट गेलं खड्ड्यात."

ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. देवदत्तने तिला जवळ घेतलं. पोरीचं स्वप्न आपण आपल्या हाताने मोडलं. खांद्यावरचा तिचा एकेक हुंदका त्याला फटक्यासारखा बसत होता.

कोच आला, तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, इक्विपमेंटचा प्रॉब्लेम होता, पुढच्या शनिवारी परत संधी देतो. शिवांगी बुटाची क्लिप सोडायला वाकली. देवदत्तने मात्र त्याचा हात दोन्ही हातांत धरून थँक यू म्हटलं.

परत जाताना त्याने गाडी शॉपपाशी थांबवली. शिवांगी मागच्या सीटवर झोपली होती. तिला न उठवता त्याने स्की काढल्या आणि आत नेऊन बेंचवर ठेवल्या.

"टाइप थ्री कर, गिरीश. चार्टमध्ये येतो तोच आकडा लाव. माझी भीती मी बघून घेईन. पोरगी रडली रे. तिच्यापासून हे हिसकावून घ्यायचा मला काय हक्क?"

गिरीशने स्क्रूड्रायव्हर उचलला नाही. काचेतून कारकडे बघितलं, मग देवदत्तकडे.

"काका, सकाळी मी स्क्रू फिरवलाच नाही. काल संध्याकाळीच तिने फोन करून लूज करायला लावलं होतं. म्हणाली, रेसिंग नको म्हटलं तर बाबांचं मन मोडेल."