चार सेकंद उशिरा

"आजपासून माणसाचा आवाज कुठल्याही कंपनीच्या मालकीचा राहणार नाही!" सत्तरीच्या कुंदाताई केळुस्करांनी कॅमेऱ्यासमोर जाहीर केलं. सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं ठेवणारे देशोदेशीचे ओपन सोर्सवाले ऐकत होते. शेजारी बसलेल्या नवऱ्यानं, वसंतरावांनी लगेच टाळ्या वाजवल्या, पण त्यांचं "शाब्बास!" चार सेकंदांनी आलं.

वसंतरावांच्या गळ्यात कृत्रिम स्वरयंत्राची चिप होती. ती बनवणारी कंपनी बुडाली, सॉफ्टवेअर बंद पडलं आणि ते मुके झाले. तेव्हा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या कुंदाताईंनी चिपला बोलतं करणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, स्वतःच लिहायला घेतला. आवाज आला, पण उशिरा. "भात वाढू?"चं "हो" नेमकं "चिडलात का?"ला यायचं. वर्षभर भांडणसुद्धा धड होईना.

"तेरा वेळा चुकलं. चौदाव्यांदा चुकलं तर पंधराव्यांदा लिहीन," म्हणत आता कुंदाताईंनी कॅमेऱ्यासमोरच ड्रायव्हरमधला आवाज साठवून उशीर करणारा हौद वाटीएवढा केला आणि कळ दाबली. "हं, बोला."

सगळं जग कान टवकारून बसलं.

"कुंदा!" आवाज तत्क्षणी आला. वसंतरावांनी जगाकडे तोंड आणि बायकोकडे पाठ केली. "जरा पाठ खाजव गं. वर... अजून वर... डावीकडे... हां, तिथंच! वर्षभर माझं 'तिथंच' येईपर्यंत तुझा हात पुढे गेलेला असायचा."